हौदावरचा कोतवाल

आमच्या गावच्या कला महोत्सवात मी अकरा वर्षं काम केलं आणि एक दुपार सोडली तर कुणाला दिसले नाही. मी प्रॉम्प्टर होते. पडद्याच्या कडेला सतरंजीच्या घडीवर बसायचं, मांडीवर वही घ्यायची, बोलायचं, आणि आपण बोलतोय हे गावाला कळू द्यायचं नाही. पुरुषमंडळींना हे काम नको असायचं, कारण त्यात टाळ्या नाहीत. माझ्याकडे ते आलं, कारण मी शाळेत मास्तरीण होते, वाचन स्वच्छ होतं, आणि बाई पडद्यामागं बसली तर गावाची हरकत नव्हती. पडद्यापुढं उभी राहिले असते म्हणजे कळलं असतं!

ह्या कामाचं एक माप असतं, ते कुणी शिकवत नाही. नटाला अख्खं वाक्य द्यायचं नाही. पहिले दोन शब्द द्यायचे, तेही तो अडायच्या अर्धा श्वास आधी. जास्त दिलं तर तो गोंधळतो, उशिरा दिलं तर चिडतो आणि आत येऊन आपल्यालाच बोलतो. कुणाला कितव्या वाक्याला घाम फुटतो, कोण दाढी खाजवायला लागला म्हणजे विसरला, हे मला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त माहीत होतं.

माझ्या बाबांना मात्र दोन शब्दसुद्धा लागायचे नाहीत. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर डोसाच्या खाचा कापायचे, त्या अशा सारख्या की कुणी फूटपट्टी लावून मोजाव्यात. नाटकाचं पाठांतरही तसंच. तालमीच्या तिसऱ्या दिवशी संवादांची नक्कल हातातून खाली. मी त्यांच्या प्रवेशाला वही मिटून नुसती ऐकत बसायची. गावात म्हणायचे, कंपाउंडरसाहेब अडले असं कधी झालंच न्हाई. त्या दिवशी बाबा जेवताना एक भाकरी जास्त खायचे.

एवढं असून त्यांना काम कसलं मिळायचं? हवालदार, चोपदार, कोतवाल. राजा व्हायला वरच्या आळीत माणसं होती. आम्ही छप्पन सालानंतरचे बौद्ध, खालच्या आळीचे. आमच्या आजोबांनी खरोखरची कोतवालकी केली होती आणि बाबा शिकून त्यातून बाहेर पडले होते. मला राग यायचा. मी बोलून दाखवायची. बाबा म्हणायचे, "अगं माय, राजाला वाक्यं लई असतात, पण लोक बघतात कोतवालाकडं. तो आला म्हणजे कायतरी झालं असतंय."

मग आमच्या हेडमास्तरांनी एक नाटक लिहिलं आणि त्यात कोतवालच नायक केला. गाव धरणात जाणार आहे, सगळे उठून गेलेत, आणि म्हातारा कोतवाल एकटा मागं राहिलाय. शेवटी तो वेशीपासून चालत येतो आणि एकेका घरापुढं थांबून त्या घराला हाक मारतो. बावीस उंबरे. लोहाराचं घर, तांबोळ्याचं घर, दोन भावांनी मधून भिंत घातलेलं घर. प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं, आणि मग पाणी येतं. हे भाषण हेडमास्तरांनी बाबांसाठीच लिहिलं होतं, कारण बावीस उंबरे क्रमानं लक्षात ठेवणारा दुसरा माणूस आमच्या मंडळात नव्हता.

हे नाटक आम्ही सहा वर्षं केलं. पहिली चार वर्षं मी वही मिटून ऐकलं. पाचव्या वर्षी नवव्या उंबऱ्यापाशी बाबा थांबले. मला वाटलं, मुद्दाम थांबले. मग त्यांची मान माझ्याकडे थोडी वळली. मी दोन शब्द दिले. त्यांनी ते उचलले आणि पुढं गेले. त्या दिवशी जेवताना त्यांनी जास्तीची भाकरी घेतली नाही.

सहाव्या वर्षी तालमींत दोन शब्दांचे तीन झाले, तिनाची अर्धी ओळ झाली. त्याच वर्षी बाबा रिटायर झाले. दवाखान्यातून येताना शेवटची बाटली त्यांनी घरी आणली होती, आठवण म्हणून. तिच्यावरच्या खाचा मी पाहिल्या. एक बोटभर, एक नखभर. मी ती बाटली डब्यांमागं सरकवून ठेवली. एकदा जेवायला बसताना ते म्हणाले, "तुझ्या आईला वाढलं का?" आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी म्हटलं, "हाव, वाढलं." आणि भिंतीकडं तोंड करून जेवले.

ते दुष्काळाचं साल. जिल्हा नवीन होता, आमचा तालुका जुन्या जिल्ह्यातून निघून लातुरात गेला होता. कचेरीच्या पाटीवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगाखालून अजून दिसायचं. शाळेत भिंतीवर जुनाच नकाशा होता; मी त्यावर चिठ्ठी चिकटवून पोरांना शिकवत होते की आता आपण इथं आहोत. पोरं विचारायची, "बाई, मग पाणी कुठल्या जिल्ह्यातून येणार?" पाणी टँकरमधून यायचं. बसस्टँडजवळच्या विहिरीत तो रिकामा व्हायचा आणि गाव शेंदून घ्यायचं. आपली घागर आदल्या संध्याकाळीच रांगेत ठेवायची, मग माणसानं तिथं थांबायची गरज नाही, घागरच आपल्या जागी उभी. कुणी दुसऱ्याची घागर मागं सरकवली असं त्या सगळ्या उन्हाळ्यात झालं नाही. भांडणं झाली, पण घागर सरकवली नाही.

अशा सालात कला महोत्सव कसला करायचा, असं ठरत होतं, तेवढ्यात टीव्हीची माणसं आली. त्यांची एक मालिका चालू होती, दर भागात नवं गाव. ह्या भागाची गोष्ट अशी, की दुष्काळामुळं गावचा महोत्सव रद्द होणार असतो, आणि नव्या जिल्ह्यात बदलून आलेली एक तरुण बाई अधिकारी तो घडवून आणते. म्हणजे आमचीच गोष्ट, फक्त आमच्याकडं अधिकारी बाई नव्हती. ती त्यांनी मुंबईहून आणली होती. इस्त्रीच्या साडीत ती गावातून चालायची, आणि आमची बायामाणसं घागरी टेकवून तिच्या पावलांकडं बघत राहायची. ती दिसायची बाई खरंच सुंदर. अजून कधी दुपारी डोळा लागला की ती पांढऱ्या उन्हातून चालत जाताना मला दिसते, आणि तिच्या मागं धूळ उडत नाही.

दिग्दर्शक म्हणजे डोक्याला पंचा गुंडाळलेला काटकुळा माणूस. त्याला खरा महोत्सव हवा होता, खरी माणसं, खरं नाटक. हेडमास्तरांनी कोतवालाचं भाषण वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "हे आपण अख्खं घेऊ." मग बाबांकडं बघून म्हणाला, "आजोबा, जमेल ना एका दमात?"

बाबा म्हणाले, "सहा वर्षं जमून राहिलंय."

"आणि कुणी मागून सांगायचं नाही हं. आमचा माइक मुंगीचं चालणंसुद्धा पकडतो."

मी बाबांना आता दोन शब्द देत नव्हते, तीनही नाही. दिवाळीपासून अख्खी वाक्यं देत होते, एकामागून एक, बावीसच्या बावीस उंबरे. ते माझ्यामागून बोलत होते आणि ते इतकं सुंदर बोलत होते की कुणाला शंका आली नव्हती. आता कॅमेऱ्यापुढं, गाव बसलेलं असताना, ते अडले तर? मला गावाची फिकीर नव्हती. गाव चार दिवस बोलेल आणि गप्प बसेल. पण बाबांना स्वतःला कळेल, त्याचं काय करायचं? आजवर ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

मी हेडमास्तरांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. बोलता बोलता रडले, मग रडल्याचा राग आला. हेडमास्तर बराच वेळ पान लावत बसले. लावून झाल्यावर ते खाल्लंच नाही. म्हणाले, "हौदात उतरशील का?"

आमच्या महोत्सवाचं स्टेज म्हणजे कचेरीपुढचा हौद. निजामाच्या अंमलातला, दगडी, वरून शिळा टाकून झाकलेला. त्या शिळांचा आयता ओटा झालेला, त्यावर पडदा टांगला की झालं नाटकघर. मागच्या बाजूला माणूस उतरेल एवढं तोंड आणि आत सात पायऱ्या. माझी आजी सांगायची, आपल्याला त्या पायरीला हात लावायची सोय नव्हती. कुणी वरून ओततंय का म्हणून बायका ओंजळ धरून उभ्या राहायच्या. आता चार महिन्यांपासून तो ठणठणीत कोरडा होता. शिळांच्या मधे फटी होत्या. एरवी नाटकाला वर सतरंजी असायची, पण दिग्दर्शकाला उघडा दगड आवडला होता. म्हणजे खालून बोललं तर वर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाशी आवाज पोहोचणार, पुढं जाणार नाही.

बाबांना एवढंच सांगितलं, की मी खाली बसणार आहे, उगं आपलं असावं म्हणून. ते म्हणाले, "कशाला खामखा? विंचूकाटा असंल." पण त्यांचा चेहरा सैल झाला, ते मी पाहिलं.

शूटिंग दुपारी होतं. उजेड हवा म्हणून आमचं रात्रीचं नाटक भर उन्हात आणून ठेवलेलं. मी सगळ्यांच्या आधी उतरले. आत इतकं गार आणि इतकं शांत होतं की मला क्षणभर वाटलं, इथंच राहावं. वाळलेल्या शेवाळाचा वास येत होता. शिळांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या खाली उतरल्या होत्या आणि फरशीवर आडव्या पडल्या होत्या. वर कुणी चाललं की एकेक पट्टी विझायची आणि पुन्हा लागायची. वही उघडून काही दिसत नव्हतं. पण मला वही लागणार नव्हती, मला बावीस उंबरे पाठ होते, अजून आहेत. मी भिंतीला टेकून बसले आणि वरचं गाव पायांवरून ओळखत राहिले.

आता वर काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. बसस्टँडच्या विहिरीपाशी मोठी दृश्यं व्हायची होती. घागरींची रांग दिग्दर्शकाला तिथं नको होती, कारण गोष्टीतलं गाव आता आनंदात आलं होतं. त्यानं कचेरीतल्या कुणालातरी सांगून रांग उचलायला लावली. बायकांनी घागरी उचलल्या आणि आहे त्याच क्रमानं नेऊन हौदामागं मांडल्या, एकही इकडची तिकडं न करता. आता घागरी जिथं, टँकर तिथं. ड्रायव्हरनं विचारलं, कुठं सोडू? कचेरीतला म्हणाला, आज हौदात सोड, कोरडाच आहे. मी आत आहे हे मला धरून फक्त तिघांना माहीत होतं, आणि बाकीचे दोघं, बाबा आणि हेडमास्तर, स्टेजवर होते.

वर पेटी वाजली. बाबांची काठी दगडावर टेकली. माझ्या डोक्यावरची पट्टी विझली, म्हणजे ते बरोबर जागेवर उभे होते.

मी म्हटलं, "वेशीपासलं पहिलं घर लोहाराचं. भाता बंद हाय, पण राखेत हात घातला तर अजून कोमट लागतंय."

वरून बाबांचा आवाज आला, "वेशीपासलं पहिलं घर लोहाराचं..." तो आवाज मी इतक्या खालून कधी ऐकला नव्हता. दगडातून झिरपून येत होता. मी सांगायची आणि ते बोलायचे, मी सांगायची आणि ते बोलायचे. दुसरा उंबरा, तिसरा. थोड्या वेळानं मलाच कळेना की आधी कोण बोलतंय. खरोखरचं एक गाव त्या अंधारात माझ्याभोवती मांडलं जात होतं, दारं, कोनाडे, उंबऱ्यावरची हळद, आणि आम्ही दोघं त्यातून चाललो होतो, ते वरून, मी खालून. तांबोळ्याचं घर गेलं. भिंत घातलेल्या भावांचं घर गेलं. मला वाटलं, झालं आता, निभावलं.

अकराव्या उंबऱ्याला माझ्या टाचांना काहीतरी गार लागलं.

ड्रायव्हर मोठा समजदार माणूस. शूटिंगवाल्या कुणीतरी तोंडावर बोट ठेवलं म्हणून त्यानं इंजिन बंद केलं, कॅनव्हासचा पाइप ओढत आणला, हळूच हौदाच्या तोंडातून आत सोडला आणि पाण्याची चावी फिरवली. आधी पायऱ्यांवरून नुसतं ओघळलं. मग पाइप ताठ झाला आणि पाणी धाडकन फरशीवर पडायला लागलं. मी उठून उभी राहिले. बाहेर पडायची वाट म्हणजे त्याच पायऱ्या, आणि त्यांच्यावर धबधबा. आता ओरडावं, तर सगळं संपलं. म्हटलं, भिजू दे, किती भिजणार? लुगडं वर खोचलं आणि बाराव्या उंबऱ्याचं वाक्य दिलं. जोरात दिलं. बाबांनी उचललं. तेरावं मी ओरडून दिलं. त्यातले अर्धेच शब्द वर गेले असावेत, कारण बाबा अर्धंच बोलले.

चौदावा उंबरा सुताराचा. "पिंपळापल्याड सुताराचं, दार सागाचं, उघडायला खांदा लागतोय." मी ओरडले. दगडी हौदात पाणी कोसळायला लागलं म्हणजे काय आवाज होतो, हे त्या दुष्काळात आम्ही विसरून गेलो होतो. माझं मलाच ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडले. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. वर काठी हलत नव्हती.

वर काय दिसत होतं ते लोकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मला तेही स्वतः पाहिल्यासारखं आठवतं. बाबा थांबले. गाव थांबलं. आणि त्या शांततेत सगळ्या गावाला बाबांच्या पायाखालून पाणी ऐकू आलं. घागरी मागं मांडलेल्या, पाणी उतरतंय हे प्रत्येकीला कळलं, पण कुणी उठलं नाही. बाबांनी मान वाकडी करून ऐकलं. काठी खाली ठेवली. गुडघे टेकले, मग हात टेकले, मग शिळांवर पालथे पडले आणि फटीला तोंड लावलं.

मला फटीतून त्यांचा डोळा दिसला. उन्हाच्या पट्टीत एकच डोळा.

"माय," ते म्हणाले, "वर ये गं. पाणी भरून राहिलंय."

मी खालून म्हटलं, "पिंपळापल्याड सुताराचं! बाबा, पिंपळापल्याड!"

"मला न्हाई आठवत पुढचं," ते म्हणाले. इतक्या साध्या आवाजात म्हणाले, जणू मीठ संपलंय म्हणून सांगतायत. "न्हाई तर न्हाई. ऱ्हाऊ दे ते. तू वर ये."

मी धबधब्यातून पायऱ्या चढले. तोंडातून डोकं बाहेर काढलं तर समोर ड्रायव्हर. तो किंचाळलाच. "या अल्ला! अंदर बाई हाय!" गुडघ्याएवढं पाणी होतं हो, त्यात काय माणूस बुडतं? पण खाली असताना मला किंवा वर असताना बाबांना, टँकर कुठं संपणार हे कुठं माहीत होतं?

लोक हसतील असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही. आधी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. त्यांना वाटलं, नाटकातच आहे. कोतवालाची मुलगी बुडणाऱ्या गावात मागं राहिली आणि तो तिला हाक मारतोय. दिग्दर्शक पंचा सोडून डोळे पुसत होता. हेडमास्तरांना म्हणाला, "हे शेवटचं वहीत नव्हतं. कुणी लिहिलं?"

हेडमास्तरांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "मीच," म्हणाले.

मग बायका पाण्याला उठल्या. मी ओल्या लुगड्यानं कडेला उभी होते आणि कुणी काय बोलतंय त्याची वाटच बघत होते. सगळं गाव पिणार त्या पाण्यात खालच्या आळीची बाई उभी राहून आली होती. वरच्या आळीतली एक म्हातारी रांगेत पहिली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, घागरीकडं बघितलं. म्हणाली, "पाय तरी धुतले हुते का गं?"

"तुमच्या घागरीपेक्षा चांगले धुतलेत," मी म्हटलं.

ती पायऱ्या उतरली. मग घागर बुडवली, भरली आणि कमरेवर घेऊन गेली. तिच्यामागं रांग सरकली. ते पाणी त्या दिवशी सगळ्यांनी नेलं, आणि मीही शेवटची घागर नेली.

घरी जाताना बाबांनी माझा हात धरला होता. मी लहान असतानाही त्यांनी कधी रस्त्यात हात धरला नव्हता. चिंचेपाशी आल्यावर म्हणाले, "कितवा ऱ्हायला?"

"चौदावा."

"सुताराचा."

"हाव."

थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "अख्खी वाक्यं कधीपासून देऊन राहिलीस?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "दिवाळीपासून."

"मला वाटायचं, औंदा मी लई भारी बोलून राहिलो," ते म्हणाले आणि हसले. खरंच हसले. मी नाही हसले. मी आतापर्यंत जपून ठेवलेलं सगळं त्यांनी एका वाक्यात माझ्या हातातून काढून घेतलं होतं, आणि मला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकं वाटण्याची लाज वाटत होती.

त्यानंतर बाबा स्टेजवर चढले नाहीत. मंडळानं विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आणि पुढच्या वर्षी विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ते झपाट्यानं विसरत गेले. आधी माणसं, मग वाटा, मग मी. मला ते "बाई" म्हणायला लागले, शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं, अदबीनं. मी भाकरी वाढली की म्हणायचे, "तुम्हाला कशाला तरास, बाई." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी चुलीपाशी जाऊन फुंकणी घेऊन बसले, जाळ नीट असूनसुद्धा.

तो भाग टीव्हीवर लागला, त्याला मधे बरेच महिने गेले होते. हेडमास्तरांच्या घरी रंगीत टीव्ही होता. संध्याकाळी सगळं गाव तिथं लोटलं, खिडकीत माणसं, ओट्यावर माणसं. बाबांना आम्ही पुढं खुर्चीत बसवलं आणि मी त्यांच्या पायाशी खाली बसले. अधिकारी बाई पांढऱ्या उन्हातून चालत आली. लोकांनी आपापली तोंडं ओळखली आणि कल्ला केला. मग पेटी वाजली आणि सगळे चूप झाले.

पडद्यावर कोतवाल काठी टेकत आला. मी बाबांकडं बघितलं. ते कौतुकानं बघत होते, दुसऱ्या कुणाकडं बघावं तसं. "हा कोण?" मला हळूच म्हणाले. "आवाज चांगला हाय."

"हाव. चांगला हाय," मी म्हटलं.

मुंगीचं चालणं पकडणाऱ्या त्या माइकनं मलाही पकडलं होतं. अगदी बारीक, दगडाखालून, प्रत्येक वाक्याच्या आधी. लोकांना वाटलं घुमतंय. लोहाराचं घर गेलं, तांबोळ्याचं घर गेलं. मग पाण्याचा आवाज आला आणि खालची ती बारीक बाई त्यात बुडून गेली. तेरावा उंबरा अर्धा झाला. पडद्यावरचा माणूस थांबला. त्याची मान थोडी वळली, कुणाकडंतरी.

आणि माझ्या डोक्यावरून, ओठ न हलवता, अर्धा श्वास आधी, बाबा म्हणाले, "पिंपळापल्याड सुताराचं."

दोनच शब्द. बरोबर माप.

पडद्यावरचा माणूस ते उचलेना. बाबा खुर्चीत पुढं सरकले, पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. तो उचलेना. तो खाली पडून दगडाला तोंड लावत होता. बाबांनी घाबरून माझा खांदा धरला.

"बाई, त्याला सांगणारं कुणी न्हाई का?"

"हाय की," मी म्हटलं. "त्याची पोरगी हाय, खाली."

"मग बोलंना का ती?"

"बोलून राहिली, बाबा. ऐकू येईना झालंय त्याला."

ते पडद्याकडं बघत राहिले. तिथं तो म्हणत होता, न्हाई तर न्हाई, ऱ्हाऊ दे ते, तू वर ये. बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही, आणि भाग संपून लोक उठून गेले तरी आम्ही दोघं तिथंच बसून होतो.